घामावरची गोळी आणि कोरडं तोंड

तळहात, तळपाय किंवा काखा सतत ओल्या राहतात म्हणून त्वचारोगतज्ज्ञाकडे गेलेल्या माणसाच्या चिठ्ठीवर पोटात घ्यायची गोळी असेल, तर ती बहुतेक वेळा दोनपैकी एक असते: ग्लायकोपायरोलेट किंवा ऑक्सिब्युटिनिन. यांतली एकही घामासाठी तयार झालेली नाही. ग्लायकोपायरोलेटला अमेरिकेत १९६१ मध्ये मान्यता मिळाली ती जठरातल्या अल्सरसाठी. ऑक्सिब्युटिनिन तिथे १९७५ मध्ये आलं ते लघवीची सारखी घाई होणाऱ्या रुग्णांसाठी. घामावर त्यांचा वापर डॉक्टर स्वतःच्या अनुभवाच्या आणि नंतर झालेल्या अभ्यासांच्या आधारावर करतात. यात वावगं काही नाही, जगभर असंच चालतं. पण औषधाच्या खोक्यातला कागद उलगडून वाचणारा रुग्ण गोंधळतो. त्यात घामाचा पत्ता नसतो. मूत्राशय, आतडी, डोळे आणि हृदय यांच्याबद्दल मात्र बारीक अक्षरात पानभर मजकूर असतो. काही जण तिथेच घाबरून गोळी सोडून देतात. काही जण कागद न वाचता, पहिल्या चिठ्ठीच्या जोरावर वर्षानुवर्षं तीच गोळी दुकानातून आणत राहतात. ही दोन्ही टोकं टाळायची तर ही गोळी शरीरात नेमकं काय करते हे कळायला हवं. ते कळलं की दुष्परिणामांची यादी पाठ करावी लागत नाही, एकेक गोष्ट आपसूक लक्षात येत जाते.

हा त्रास ज्यांना नाही त्यांना तो किरकोळ वाटतो. घाम सगळ्यांनाच येतो, त्यात काय एवढं, असं म्हणून घरातलेच लोक विषय संपवतात. पण उत्तरपत्रिका ओली होऊन शाई पसरू नये म्हणून हाताखाली रुमाल धरून लिहिणारी मुलगी, रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा उमटत नाही म्हणून तो पुन्हा पुन्हा पुसणारा माणूस, तबल्यावर बोट घसरतं म्हणून दर थोड्या वेळाने हाताला पावडर चोळणारा विद्यार्थी, चहाचा ट्रे हातातून सुटेल या भीतीने बघण्याच्या कार्यक्रमात थिजून गेलेली मुलगी, यांच्यासाठी घाम हा दिवसभराचा शत्रू असतो. समोरच्याने हात पुढे केला की नमस्कार करून वेळ मारून नेण्याची सवय यांतल्या बहुतेकांना असते. वैद्यकात याला हायपरहायड्रोसिस म्हणतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत शंभरातल्या सुमारे तिघांना हा त्रास असल्याचं दिसलं होतं आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी तो कधी डॉक्टरांच्या कानावरही घातला नव्हता.

जन्मजात प्रवृत्तीने येणाऱ्या घामाच्या काही खुणा आहेत. तो दोन्ही हातांना किंवा दोन्ही काखांना सारखाच येतो. शाळकरी किंवा कॉलेजच्या वयात सुरू होतो, पंचविशीनंतर नव्याने क्वचितच. घरात आई, मामा, चुलत भाऊ असं आणखी कोणीतरी ओल्या हाताचं असतं. आणि सर्वात महत्त्वाची खूण म्हणजे झोप लागली की तो थांबतो. अंगात उष्णता वाढली म्हणून हे होतं असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं, मग सब्जा, वाळ्याचं पाणी, गुलकंद सुरू होतं. त्याने नुकसान काही नाही, पण हाताचा घाम त्याने थांबत नाही. तळहाताच्या घामाचा उन्हाळ्याशी फारसा संबंधच नसतो. त्याची आज्ञा मेंदूच्या भावनांशी निगडित भागातून येते. म्हणून डिसेंबरातल्या थंडीतही प्रश्नपत्रिका हातात पडली की तो फुटतो.

याउलट, चाळिशीनंतर अचानक सगळं अंग घामाने भिजायला लागलं, रात्री झोपेत कपडे ओले होऊ लागले, तर गोळी मागण्याआधी कारण शोधायला हवं. थायरॉइडचं काम वाढलेलं असू शकतं, मधुमेहाच्या औषधाने साखर खाली जात असू शकते, पाळी जाण्याचा काळ असू शकतो, नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही घाम वाढतो. रात्रीचा घाम, बारीक ताप आणि वजन घटणं एकत्र आलं, तर आपल्या देशात पहिली तपासणी क्षयाची. आणि छातीत दडपण येऊन थंड घाम सुटला तर त्वचारोगतज्ज्ञाची वाट धरायची नाही, थेट रुग्णालय गाठायचं. घाम बंद करणारी गोळी अशा वेळी रोगाची खूण तेवढी पुसून टाकते आणि रोग आत तसाच वाढत राहतो.

आता गोळीच्या कामाकडे. आपल्या त्वचेत वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात. तळहात आणि तळपायावर त्या सर्वात दाट. त्यांच्याकडे जाणारे मज्जातंतू सिंपथेटिक म्हणजे अनुकंपी मज्जासंस्थेचे. संकटात हृदयाची धडधड वाढवणारी, अंगावर काटा आणणारी ही व्यवस्था. तिचे इतर तंतू आपला निरोप नॉरॲड्रेनलीन या रसायनातून पोचवतात. घर्मग्रंथीही त्याच वाटेने चालत असतील असं वाटणं साहजिक होतं, पण प्रयोगांमध्ये ते जुळत नव्हतं. ॲट्रोपीन दिलं की घाम बंद व्हायचा, आणि ॲट्रोपीन तर वेगळ्याच रसायनाला, ॲसिटाइलकोलीनला, अडवणारं. हे कोडं १९३४ साली लंडनमध्ये हेन्री डेल आणि विल्हेल्म फेल्डबर्ग यांनी सोडवलं. फेल्डबर्ग ज्यू असल्यामुळे १९३३ मध्ये बर्लिनमधल्या संस्थेतून काढले गेले होते आणि डेल यांच्या प्रयोगशाळेत आले होते. त्यांनी मांजरीच्या पंजावर प्रयोग केला, कारण मांजरीला घाम येतो तो मुख्यतः पंजाच्या गादीला. पंजाकडे जाणारी अनुकंपी नस उत्तेजित केल्यावर तिथून परत येणाऱ्या द्रवात ॲसिटाइलकोलीन सापडलं. म्हणजे घर्मग्रंथीची नस घराण्याने अनुकंपी, पण तिचा निरोप दुसऱ्याच रसायनातून जातो. मज्जातंतू रसायनांतून निरोप देतात हे सिद्ध करण्याच्या कामासाठी डेल यांना ओटो लोवी यांच्यासोबत १९३६ चं नोबेल मिळालं. आज जी गोळी लाखो ओल्या हातांना आधार देते, तिचं शास्त्र त्या मांजरीच्या पंजापासून सुरू होतं, आणि मला ही हकिगत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही.

ॲसिटाइलकोलीनचा निरोप ग्रंथीवरच्या मस्कॅरिनिक रिसेप्टरपर्यंत पोचला की घाम सुटतो. ग्लायकोपायरोलेट आणि ऑक्सिब्युटिनिन हे रिसेप्टर अडवून बसतात, निरोप आला तरी उतरवून घ्यायला जागा उरत नाही. या औषधांना अँटिकोलिनर्जिक म्हणतात. पण ॲसिटाइलकोलीन काही एकट्या घामाचं रसायन नाही. तोंडात लाळ सुटणं, डोळ्यांत ओलावा राहणं, आतड्याची हालचाल, मूत्राशयाचं आकुंचन, जवळचं वाचताना डोळ्याच्या भिंगाने फुगणं, हृदयाचा वेग आटोक्यात राहणं, मेंदूत आठवणी रुजणं, या सगळ्यात त्याचा हात आहे. गोळी पोटातून रक्तात जाते आणि रक्त सगळीकडे जातं. एक नळ गळतो म्हणून गच्चीवरच्या टाकीचा मुख्य कॉक आवळला तर स्वयंपाकघरातलं पाणीही बारीक होणारच. या गोळीचा परिणाम आणि दुष्परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. एकच क्रिया, हातावर झाली तर हवीशी आणि तोंडात झाली तर नकोशी.

हीच क्रिया महाराष्ट्राला फार जुन्या काळापासून माहीत आहे, फक्त विष म्हणून. शंकराला वाहिल्या जाणाऱ्या धोतऱ्यात ॲट्रोपीन, हायोसायमीन आणि स्कोपोलामीन ही याच कुळातली द्रव्यं असतात. धोतऱ्याचं बी पोटात गेलेलं मूल दवाखान्यात येतं तेव्हा त्याचं तोंड खडखडीत कोरडं असतं, कातडी लाल, तापलेली आणि घामाचा टिपूस नसलेली, बाहुल्या विस्फारलेल्या, नाडी धावती, लघवी तुंबलेली आणि ते भ्रमिष्टासारखं बडबडत असतं. घामावरच्या गोळीच्या कागदावर जे जे छापलेलं असतं ते सगळं इथे टोकाला गेलेलं दिसतं. औषधात मात्रा मोजलेली आणि रेणू निवडलेला असतो, म्हणून ते औषध. पण घराणं हेच आहे, आणि गोळी मनाने दुप्पट करणाऱ्याने ते लक्षात ठेवावं.

दोन गोळ्यांमध्ये फरक आहे आणि तो कामाचा आहे. ग्लायकोपायरोलेटच्या रेणूवर कायमचा विद्युतभार असतो. असे रेणू रक्तातून मेंदूत सहज शिरत नाहीत, म्हणून त्याने येणारी सुस्ती किंवा विसराळूपणा कमी असतो. त्याच कारणाने ते आतड्यातूनही नीट शोषलं जात नाही आणि जेवणासोबत घेतलं तर आणखीच कमी. जेवणाआधी तासभर किंवा जेवणानंतर दोन तासांनी, रिकाम्या पोटी घ्या, असं डॉक्टर सांगतात ते यासाठी. नाश्त्याच्या पोह्यांबरोबर गोळी गिळून काहीच फरक पडत नाही म्हणणाऱ्यांनी आधी वेळ बदलून पाहावी. साधारण एक किंवा दोन मिलिग्रॅम, दिवसातून एकदा किंवा दोनदा, अशी सुरुवात होते. तिचा असर काही तासच टिकतो, त्यामुळे रोज न घेता मुलाखत, तोंडी परीक्षा, लग्नातला उभा दिवस अशा प्रसंगापुरती घेण्याची मुभाही बरेच डॉक्टर देतात. हे औषध बऱ्याच जणांच्या अंगात नकळत जाऊन आलेलं असतं. ऑपरेशनच्या वेळी तोंडातली आणि श्वासनलिकेतली ओल कमी व्हावी म्हणून भूलतज्ज्ञ त्याचंच इंजेक्शन देतात. शुद्धीवर आल्यावर घसा वाळून गेलेला असतो त्याला तेही एक कारण. मेंदूच्या पक्षाघाताने सतत लाळ गळणाऱ्या मुलांसाठी त्याचं पातळ औषध अमेरिकेत २०१० पासून मान्य आहे. एकाच्या तोंडाची कोरड ही अशी दुसऱ्याचा उपचार ठरते.

ऑक्सिब्युटिनिन आतड्यातून चांगलं शोषलं जातं, पण मेंदूतही शिरतं. घामासाठी त्याचा पद्धतशीर वापर रुजवण्यात ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या शल्यचिकित्सकांचा मोठा वाटा आहे. गंमत म्हणजे हे डॉक्टर मुळात शस्त्रक्रिया करणारे. छातीतली अनुकंपी मज्जातंतूंची साखळी कापून हाताचा घाम बंद करणारी दुर्बिणीतली शस्त्रक्रिया ते करत होते. नेल्सन वोलोस्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये पन्नास रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना औषध, काहींना तशीच दिसणारी नुसती गोळी, आणि कोणाला काय मिळतंय हे रुग्णाला ठाऊक नाही. मात्रा त्यांनी फार सावकाश वाढवली: पहिला आठवडा रोज अडीच मिलिग्रॅम, मग अडीच मिलिग्रॅम दोनदा, त्यानंतर पाच मिलिग्रॅम दोनदा. औषध मिळालेल्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक लोकांचा हात-काखेचा घाम कमी झाला. जवळपास निम्म्यांना तोंडाला कोरड पडली. हे दोन आकडे एकत्रच वाचायचे असतात. मला या अभ्यासातली सर्वात शिकण्यासारखी गोष्ट वाटते ती मात्रेचा संथपणा. पहिल्याच दिवशी पूर्ण मात्रा घेणाऱ्याचं तोंड असं वाळतं की तो चौथ्या दिवशी गोळी फेकून देतो आणि हे औषध मला सोसत नाही असा कायमचा ग्रह करून घेतो.

कोरड्या तोंडाकडे जरा थांबून पाहायला हवं, कारण गोळी सोडण्याचं सर्वात मोठं कारण तेच. सुरुवातीला नुसता घसा सुकल्यासारखा वाटतो. मग भाकरी, पोळी, चिवडा असे कोरडे पदार्थ घोटभर पाण्याशिवाय उतरत नाहीत. शिक्षक, कीर्तनकार, वकील, फोनवर दिवसभर बोलणारे लोक यांना बोलताना जीभ टाळूला चिकटू लागते. दात हा यातला दुर्लक्षित भाग. लाळ दातांवरचं आम्ल धुऊन काढते आणि त्यांच्या कवचाला खनिजं परत देते. ती कमी झाली की कीड वेगाने लागते, विशेषतः हिरडीलगत. आणि माणूस कोरड घालवायला काय करतो, तर तोंडात लिमलेटची गोळी किंवा खडीसाखर धरतो! हे नेमकं उलटं आहे. पाण्याचे लहान लहान घोट, साखर नसलेलं च्युइंगगम, फ्लोराइड असलेली टूथपेस्ट आणि वर्षातून दोनदा दंतवैद्याची भेट, एवढं गोळीबरोबर धरूनच चालावं. ऑक्सिब्युटिनिनच्या बाबतीत कोरडीचा बराच दोष ते आतड्यात आणि यकृतात मोडून तयार होणाऱ्या उपपदार्थाकडे जातो. म्हणून सावकाश विरघळणारी गोळी काहींना जास्त सोसते.

पोट साफ न होणं हा त्यापुढचा त्रास. त्यावर इसबगोल, भाज्या, पाणी हे नेहमीचेच उपाय लागू पडतात. छातीत धडधड जाणवली तर मात्रा जास्त झाली असं समजून डॉक्टरांना सांगावं. जवळचं अंधूक दिसणं सुरुवातीच्या दिवसांत होतं. ते कसं आहे हे कळेपर्यंत दुचाकी चालवू नये. पण डोळ्यांची दुसरी एक गोष्ट गंभीर आहे. काहींच्या डोळ्याचा पुढचा कोन जन्मतः अरुंद असतो आणि त्यांना ते माहीत नसतं. बाहुली विस्फारली की तो कोन बंद होऊन डोळ्यातला दाब एकदम चढू शकतो. डोळा लाल होऊन ठणकणं, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसणं, मळमळ, असं झालं तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री नेत्रतज्ज्ञ गाठायचा, कारण दृष्टी जाऊ शकते. अशा काचबिंदूचा इतिहास असलेल्यांनी ही गोळी घ्यायची नाही. मायस्थेनिया ग्रेव्हिस हा स्नायूंचा आजार, आतड्यात अडथळा, मूत्रमार्गात अडथळा, हेही नकाराचेच रकाने. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी या गोळीने पूर्ण तुंबू शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी स्वतः निर्णय घेऊ नये. दूध कमी होण्याची शक्यता असते.

आता उन्हाबद्दल, कारण ते आपल्या प्रदेशात सगळ्यांत जास्त महत्त्वाचं. या औषधांवरचं बरंचसं संशोधन आपल्याइतकं न तापणाऱ्या शहरांत झालं आहे. चंद्रपूर, नागपूर आणि अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो. बाहेरची हवा शरीराहून गरम झाली की अंगातली उष्णता हवेत सोडून देण्याचे बाकीचे मार्ग बंद होतात, उरतो तो फक्त घाम. एक लिटर घाम त्वचेवर पूर्ण वाळला तर शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. तळहाताच्या घामाचा या कामी फारसा उपयोग नाही, पण गोळीला तळहात आणि पाठ यांतला फरक कळत नाही. ती पाठीचा, छातीचा, कपाळाचा घामही कमी करते. घरात पंख्याखाली बसून ते जाणवत नाही. भर दुपारी शेतात, बांधकामावर, भट्टीसमोर किंवा पोलीस भरतीच्या मैदानावर धावताना मात्र हीच गोळी उष्माघाताची वाट मोकळी करते. कोकणपट्टीत पारा एवढा चढत नाही, पण दमट हवेत घाम आधीच नीट वाळत नाही, तिथे त्याचं प्रमाण घटलं तर थंडावा आणखीच कमी. ज्याचं पोट उन्हातल्या कष्टावर आहे त्याला ही गोळी रोज देणं मला धोक्याचं वाटतं. दिलीच तर उन्हाळ्याचे महिने वगळून, किंवा दिवसाचं काम संपल्यावर. गोळी घेतलेल्या माणसाची कातडी तापून कोरडी झाली, डोकं दुखून बोलणं असंबद्ध झालं, तर त्याला लगेच सावलीत आणून अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि रुग्णालयात न्यायचं. सोबत काम करणाऱ्या एकाला तरी आपण अशी गोळी घेतो हे सांगून ठेवावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

खरी गुंतागुंत मात्र बहुतेकदा एका गोळीमुळे होत नाही, बेरजेमुळे होते. आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यात याच कुळातली किंवा हाच परिणाम असलेली किती औषधं असतात ते पाहा. पाळीच्या दुखण्यावर मुली घेतात त्या गोळीत अनेकदा मेफेनॅमिक ॲसिडबरोबर डायसायक्लोमिन असतं. सर्दीच्या गोळीत क्लोरफेनिरामीन. घाटात गाडी लागू नये म्हणून एसटीत बसण्याआधी घेतात ते प्रोमेथाझिन. अर्धशिशीसाठी किंवा झोपेसाठी दिलेलं ॲमिट्रिप्टिलीन. मानसिक आजारावरच्या औषधांसोबत दिलं जाणारं ट्रायहेक्सिफेनिडिल. यांतलं प्रत्येक एकटं फारसं त्रास देणार नाही, पण घामाच्या गोळीवर त्याची भर पडली की सुस्ती, तुंबलेली लघवी, घट्ट पोट एकदम समोर येतं. आणि एक संबंध आपल्याकडे विशेष आहे. सतत घामेजलेल्या जांघा-काखांत नायटा वाढतो, गेल्या काही वर्षांत तो फार चिवट झाला आहे आणि त्यावर इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल महिनोन्महिने दिल्या जातात. हे बुरशीनाशक यकृतातल्या त्याच एन्झाइमला अडवतं जे ऑक्सिब्युटिनिनचं विघटन करतं. दोन्ही एकत्र चालू राहिली तर ऑक्सिब्युटिनिनची रक्तातली पातळी वाढत जाते, मात्रा न बदलताही.

मेंदूचा प्रश्न सर्वात जास्त विचारला जातो आणि त्याचं उत्तर वयाप्रमाणे बदलतं. सिएटलमधल्या पासष्टीपुढच्या ३,४३४ लोकांचा पाठपुरावा करून २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांनी अशी औषधं दीर्घकाळ घेतली होती, उदाहरणार्थ रोज पाच मिलिग्रॅम ऑक्सिब्युटिनिन तीन वर्षांहून अधिक, त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचं प्रमाण जास्त आढळलं. ब्रिटनमध्ये २०१९ साली झालेल्या बऱ्याच मोठ्या अभ्यासातही असाच संबंध दिसला. अशा अभ्यासातून औषधानेच स्मृतिभ्रंश झाला असं सिद्ध होत नाही, पण उतारवयात ही औषधं शक्यतो टाळावीत हा सल्ला त्यामुळे पक्का झाला. अमेरिकेतल्या जराचिकित्सकांच्या टाळण्याजोग्या औषधांच्या यादीतही ती आहेत. वीस-पंचवीस वर्षांच्या मुलाने या आकड्यांनी हबकून जाऊ नये, कारण ते त्याच्या वयाचे नाहीत. पण पुढची चाळीस वर्षं रोज घेत राहू असंही त्याने ठरवू नये. वर्षातून एकदा मात्रा कमी करून पाहणं, सुट्टीत गोळीलाही सुट्टी देणं, हा शहाणपणाचा मार्ग आहे. आजोबांच्या घामासाठी नातवाची गोळी देणं तर कधीच नको.

पोटात घेण्याची बाकीची औषधं थोडक्यात सांगतो. स्टेजवर जाताना, भाषणाच्या भीतीने घाम फुटत असेल तर प्रोप्रानोलॉल हे बीटा ब्लॉकर प्रसंगापुरतं दिलं जातं. दमा असलेल्यांना ते चालत नाही. चेहरा आणि डोक्याच्या घामासाठी कधी क्लोनिडिन देतात. ते रक्तदाब उतरवतं आणि अचानक बंद केलं तर दाब उसळतो. चिंतेवरच्या झोप आणणाऱ्या गोळ्या घामासाठी घेऊ नयेत, त्यांची सवय लागते.

गोळी ही उपचारांची पहिली पायरी असतेच असं नाही. फक्त काखेचा त्रास असेल तर रात्री कोरड्या त्वचेवर लावायचं ॲल्युमिनियम क्लोराइडचं द्रावण आधी वापरून पाहावं. हातापायांसाठी आयन्टोफोरेसिस आहे: पाण्याच्या पसरट भांड्यात हात ठेवून सौम्य वीजप्रवाह सोडायचा, आठवड्यातून तीनेकदा, नंतर कमी. बोटॉक्सची इंजेक्शनं काखेत साधारण सहा महिने काम करतात, हातावर दुखतात आणि महाग पडतात. गोळी सर्वात उपयोगी पडते ती घाम एकाच वेळी हात, पाय, काखा, चेहरा असा अनेक ठिकाणी असेल तेव्हा, किंवा बाकीचं करून थकल्यावर. शस्त्रक्रियेच्या आधी तर गोळी नक्की आजमावावी असं माझं ठाम मत आहे. छातीतली ती मज्जातंतूंची साखळी कापली की हात कोरडे होतात, पण बऱ्याच जणांना नंतर पाठ, पोट, मांड्या यांवर आधीपेक्षा जास्त घाम येऊ लागतो आणि कापलेली नस परत जोडून तो थांबवता येत नाही. गोळी नको वाटली तर बंद करता येते. तिच्या कोरडीची तक्रार करताना ही तुलना डोळ्यांसमोर असावी.

संशोधनाची दिशाही कोरड्या तोंडानेच ठरवली आहे. तेच औषध रक्तात न पाठवता थेट त्वचेवर लावता आलं तर? अमेरिकेत २०१८ मध्ये ग्लायकोपायरोनियम भिजवलेल्या, काखेत पुसायच्या कापडाला मान्यता मिळाली. जपानने २०२० मध्ये सोफपायरोनियम या जेलला मान्यता दिली. हा रेणू त्वचेतून रक्तात पोचलाच तर लवकर मोडून निष्क्रिय होईल असा मुद्दाम घडवलेला आहे. २०२३ मध्ये जपानमध्येच तळहातावर लावायचं ऑक्सिब्युटिनिनचं लोशन आलं. ही औषधं लावून हात न धुता डोळा चोळला तर त्या एका डोळ्याची बाहुली विस्फारते, एवढी मात्र काळजी घ्यावी लागते.

या गोळीचं यश हात पूर्ण कोरडा होण्यात मोजू नका. तेवढं कोरडं करायला जी मात्रा लागेल तिने तोंड, डोळे आणि पोट हैराण होईल. कागद ओला न होता पेपर लिहिता आला, यंत्रावर अंगठा उमटला, पुढे आलेला हात हातात घेता आला, म्हणजे मात्रा पुरे झाली. ज्या घरात असा ओल्या हाताचा मुलगा किंवा मुलगी आहे त्यांनी चेष्टा थांबवून एकदा त्वचारोगतज्ज्ञाची वेळ घ्यावी. जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं पिशवीत घालून न्यावीत, सर्दीची आणि पाळीची गोळीसुद्धा. डोळ्यांचा काचबिंदू, लघवीचा त्रास आणि काम उन्हातलं आहे का, या तीन गोष्टी डॉक्टरांनी विचारल्या नाहीत तरी आपण होऊन सांगाव्यात.